वैद्यकीय अध्यापकांची आस्था आणि तिची मापे

प्रश्नाचे स्वरूप

यवतमाळ जिल्ह्याचा विस्तार साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, तालुके सोळा, आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे वस्ती सुमारे सत्तावीस लाख बहात्तर हजार. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ पडते आणि वणीकडच्या माणसाची नजर चंद्रपूर-नागपूरकडे असते, हे खरे. तरी या विस्तीर्ण मुलखातील बहुसंख्य गरीब रुग्णांचा अखेरचा आधार म्हणजे १९८९ साली यवतमाळ येथे स्थापन झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय. अशा महाविद्यालयातील अध्यापक एकाच वेळी तीन चाकऱ्या करीत असतो: तो विद्यार्थ्यांस शिकवितो, रुग्णांवर उपचार करतो, आणि जिल्ह्यात साथ आली, अपघात झाला अथवा न्यायालयात साक्षीची वेळ आली की सरकारचा तज्ज्ञ म्हणून उभा राहतो. या तीन कामांपैकी तो कोणते मन लावून करतो, कोणते नाइलाजाने करतो आणि कोणते मुळीच करीत नाही, हे कळावे कसे, आणि कळल्यावर त्यात सुधारणा घडवावी कशी, हा गेल्या काही दशकांत जगभर चर्चेत आलेला प्रश्न आहे.

या प्रश्नावरील साहित्य वाचताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. अध्यापकाची आस्था मोजण्यासाठी जी जी साधने निघाली, त्या प्रत्येकाच्या मागे मोजणाऱ्याची एक विशिष्ट शंका उभी आहे. नियामक संस्थेस शंका अशी की, कागदावरचा अध्यापक मुळात अस्तित्वातच नाही. विद्यापीठास शंका अशी की, तो आहे पण शिकवीत नाही. मानसशास्त्रज्ञास वाटते की तो शिकवितो पण आतून थकला आहे. तिन्ही शंका वेगळ्या, म्हणून तिन्ही मापे वेगळी; आणि एका शंकेसाठी बनविलेल्या मापाने दुसऱ्या शंकेचे उत्तर काढू गेल्यामुळे या विषयातील बराचसा गोंधळ माजला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील आढावा याच क्रमाने घेतला आहे.

पूर्वपीठिका

वैद्यकाचा अध्यापक पूर्णवेळ असावा की नाही, हा वाद या सर्व चर्चेचा पूर्वज म्हणावा लागेल. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले; पुढील काळात अनेक दशके, शहरातील नामांकित वैद्यांनी सकाळी रुग्णालयात मानद म्हणून यावे, फेरी घ्यावी, विद्यार्थ्यांस शिकवावे आणि दुपारनंतर आपल्या खाजगी दवाखान्यात बसावे, ही पद्धत रूढ होती. १९२६ मध्ये सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून परळ येथे जे महाविद्यालय उभे राहिले, त्याच्या देणगीपत्रात अध्यापक हे सरकारी नोकरीत नसलेले पात्र हिंदी लोकच असावेत अशी अट होती. त्या काळी अध्यापकाच्या आस्थेचा प्रश्न स्वाभिमानाशी निगडित होता. मोजमापाची गरज कोणास भासली नव्हती. मानद अध्यापक वेतन घेत नसे, तेव्हा त्याच्या हजेरीचा जाब विचारण्याचा अधिकारही फारसा कोणापाशी नव्हता.

अमेरिकेत याच सुमारास उलट दिशेने पाऊल पडले. वैद्यकीय शिक्षणावरील १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर जॉन्स हॉपकिन्स येथे १९१३ मध्ये चिकित्सा विभागांतील प्राध्यापकांस पूर्णवेळ वेतनी करण्याची योजना स्वीकारण्यात आली. या योजनेस जो विरोध झाला त्यात विल्यम ऑस्लर हे अग्रणी होते. बाहेरच्या व्यवसायापासून तोडलेला अध्यापक संशोधनात रमेल, पण रुग्ण आणि विद्यार्थी या दोघांपासून दुरावेल, अशी त्यांस भीती होती. हा वाद आज शंभर वर्षांनीही पुरता निकालात निघालेला नाही, आणि शासकीय महाविद्यालयांतील व्यवसायरोध भत्त्याविषयीच्या प्रत्येक चर्चेत तो नव्या वेषाने पुढे येतो.

आपल्याकडे आरोग्यव्यवस्थेविषयीच्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात पूर्णवेळ, वेतनी आणि खाजगी व्यवसाय न करणाऱ्या वैद्यांचा पुरस्कार केला. पुढे १९७५ च्या श्रीवास्तव समितीनंतर, १९७७ मध्ये, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी आणि अध्यापकांनी विद्यार्थ्यांसह खेड्यांत जावे अशी योजना निघाली. गाड्या आल्या, आदेश निघाले. परंतु अध्यापकाच्या बढतीशी अथवा मानाशी या कामाचा काहीच संबंध जोडला न गेल्यामुळे ते बहुतेक ठिकाणी एकट्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागाच्या गळ्यात पडले.

यवतमाळला लागूनच असलेल्या वर्धा जिल्ह्यात मात्र एक निराळा प्रयोग उभा होता. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तेथे अध्यापकांनी आवारातच राहावे, खाजगी व्यवसाय करू नये, खादी वापरावी, आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नव्या तुकडीने एक खेडे दत्तक घेऊन तेथील शिबिरात राहावे, असा दंडक पडला. सेवाग्रामात अध्यापकाची आस्था कोणी मोजली नाही. ती निवड होण्यापूर्वीच गृहीत धरली गेली, आणि ज्यास हे मान्य नाही त्याने तेथे येऊच नये अशी व्यवस्था झाली. शासकीय महाविद्यालयास ही सोय नाही. तेथे अध्यापक लोकसेवा आयोगाच्या निवडीने अथवा बदलीने येतो, आणि यवतमाळ हे त्याने निवडलेले गाव असेलच असे नाही.

हजेरीचे माप

पहिली शंका अस्तित्वाची. भारतीय वैद्यक परिषदेच्या काळात महाविद्यालयाची मान्यता ही इन्स्पेक्शनवर अवलंबून असे. निरीक्षक येत, अध्यापकांस ओळीने उभे करीत, प्रत्येकाकडून शपथपत्रवजा अर्ज भरून घेत, आणि विभागवार संख्या जुळते की नाही ते पाहत. या पद्धतीची परिणती काय झाली हे खात्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. इन्स्पेक्शनच्या आठवड्यापुरती जुन्या महाविद्यालयातून नव्या महाविद्यालयात तैनाती, नंतर मूळ जागी रवानगी, हा शासकीय क्षेत्रातला प्रघात. तर खाजगी क्षेत्रात, नाव एका शहरात आणि माणूस दुसऱ्या शहरात, अशी स्थिती. कागदावर सगळे कार्यालयीनदृष्ट्या बिनचूक आणि वर्गात शुकशुकाट, हा अनुभव काही विरळा नव्हता.

२०१९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या आणि सप्टेंबर २०२० पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ही शंका यंत्राने फेडण्याचे ठरविले. आधार क्रमांकाशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी सक्तीची झाली. २०२३ च्या किमान मानकांमध्ये अध्यापकाची कामकाजाच्या दिवसांपैकी निदान ७५ टक्के हजेरी असावी अशी अट आली. आणि मे २०२५ पासून बोटाच्या ठशाऐवजी मोबाइलवर चेहरा दाखवून, महाविद्यालयाच्या आवाराच्या हद्दीत असल्याची खूण पटवून, हजेरी नोंदविण्याची पद्धत सुरू झाली. सकाळी फाटकातून आत शिरल्याबरोबर सहायक प्राध्यापक मोबाइल डोळ्यांसमोर धरून उभा राहतो, नेटवर्क मिळेपर्यंत दोन पावले पुढे-मागे सरकतो, खूण उमटली की मग बाह्यरुग्ण विभागाकडे वळतो. हे दृश्य आता देशातील कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात पाहावयास मिळते.

या पद्धतीच्या बाजूने जे म्हटले जाते ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. जो माणूस येतच नाही त्याच्या आस्थेची चर्चा व्यर्थ होय. आणि देशातील पदवी अभ्यासक्रमाच्या जागा २०१४ मधील सुमारे एक्कावन्न हजारांवरून दहा वर्षांत एक लाखाच्या पुढे गेल्या असताना, अध्यापक खरोखर आहेत की नाहीत याची किमान शहानिशा न करणे म्हणजे भावी रुग्णांशी प्रतारणा ठरेल. खोट्या नावांचा व्यवहार यंत्रामुळे अवघड झाला, हे विरोधकही मान्य करतात.

विरोधकांचे म्हणणे दोन प्रकारचे आहे. पहिले व्यावहारिक: रात्रपाळी करून पहाटे घरी गेलेला शल्यचिकित्सक, न्यायालयात शवविच्छेदनाच्या अहवालावर साक्ष देण्यास गेलेला न्यायवैद्यकशास्त्राचा अध्यापक, झरी-जामणीकडे कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) सिकलसेलच्या तपासणीस गेलेला पथकप्रमुख, परीक्षक म्हणून दुसऱ्या गावी गेलेला प्राध्यापक, हे सारे यंत्राच्या दृष्टीने एकतर गैरहजर ठरतात अथवा त्यांच्या सुटीचा आणि कर्तव्याचा हिशेब कारकुनास हाताने जुळवावा लागतो. दुसरे म्हणणे तात्त्विक आहे: आवाराच्या हद्दीत असणे आणि कामात असणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि एकदा पहिलीलाच दुसरीचे प्रमाण मानले की दुसरीकडे पाहण्याचे प्रयोजन उरत नाही.

या ठिकाणी यवतमाळचाच एक प्रसंग विचारात घेण्याजोगा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना या जिल्ह्यातील शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. अनेक औषधे एकत्र कालवून फवारलेली, त्यामुळे अंगात नेमके कोणते विष भिनले हे रुग्णाच्या नातेवाइकासही सांगता येत नसे. अशा रुग्णाच्या खाटेपाशी अध्यापक निवासी डॉक्टरांस जे शिकवितो ते कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाचे असते: अ‍ॅट्रोपिनची मात्रा दर काही मिनिटांनी वाढवीत न्यावयाची, छातीवर स्टेथोस्कोप लावून घरघर थांबली की नाही ते ऐकावयाचे, काखेत हात घालून घाम आटला का पाहावयाचे, नाडी मोजावयाची, आणि मात्रा जास्त झाली तर रुग्ण बडबडू लागतो, अंग तापते, तेव्हा हात आखडता घ्यावयाचा. नुसत्या बाहुलीच्या आकारावर विसंबून राहू नये, छातीकडे आधी लक्ष द्यावे, ही गोष्ट खाटेपाशी उभे राहून एकदा दाखविली की विद्यार्थी ती जन्मभर विसरत नाही. हे शिकविणे मध्यरात्री होते, ते वेळापत्रकात नसते, आणि कोणत्याही नोंदवहीत त्याच्यासाठी रकाना नाही. हजेरीच्या यंत्राला त्या रात्री एवढेच कळले असते की, अमुक अध्यापक दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा आला.

कामाचे माप

दुसरी शंका कामाची. येथे साधने पुष्कळ आहेत आणि त्यांविषयी थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण त्यांचे गुणदोष शिक्षणक्षेत्रात सर्वत्र सारखेच आढळतात.

ऑगस्ट २०१९ पासून देशात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात अडीच हजारांहून अधिक क्षमता विषयवार नमूद आहेत, आणि त्यांतील अनेकींवर विद्यार्थ्याच्या लॉगबुकात अध्यापकाची सही लागते. लहान गटात शिकवावे, पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यास रुग्ण दाखवावा, संवाद आणि नीती यांचे स्वतंत्र पाठ घ्यावेत, खेड्यातील कुटुंबे दत्तक घ्यावीत, हे सर्व स्तुत्य आहे. परंतु दीडशे-दोनशेच्या तुकडीत लहान गट करावयाचे तर गटागटास अध्यापक हवा. तो नसेल तर सत्राच्या अखेरीस लॉगबुकांची चळत टेबलावर येते आणि सह्यांचा एकच सपाटा चालतो. विद्यार्थ्यांचे अभिप्राय घेण्याची पद्धतही बहुतेक ठिकाणी आहे. तीविषयी अध्यापकांचा आक्षेप असा की, अंतर्गत गुण ज्याच्या हाती त्या सरांविषयी मुले खरे लिहीत नाहीत; आणि मुलांचा आक्षेप असा की, लिहिलेले कोणी वाचत नाही. दोन्ही आक्षेप एकाच वेळी खरे असणे शक्य आहे.

तिसरे साधन संशोधनाचे. २०१५ मध्ये वैद्यक परिषदेने बढतीसाठी कोणते शोधनिबंध धरावेत याचे फर्मान काढले: पहिल्या दोन लेखकांचाच निबंध मोजावा, केवळ इंटरनेटवर निघणारी नियतकालिके धरू नयेत, इत्यादी. पुढे २०२० मध्ये त्यात सैलपणा आला. या नियमांची पार्श्वभूमी ध्यानात घेण्याजोगी आहे. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांच्या २००५ ते २०१४ या काळातील प्रकाशनांचा हिशेब मांडला होता. त्यांपैकी केवळ २५ संस्थांतून वर्षाला शंभराहून अधिक निबंध निघत होते आणि ३३२ संस्थांतून दहा वर्षांत एकही निघाला नव्हता. नियमाने निबंधांची संख्या वाढली यात शंका नाही. त्यासोबत पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचाही सुकाळ झाला, आणि लेखकांच्या नावांचा क्रम हा विभागांतील कलहाचा एक नवा विषय होऊन बसला.

मनाचे माप

तिसरी शंका अलीकडची, आणि तिचा उगम उद्योगधंद्यांच्या मानसशास्त्रात आहे. १९८१ मध्ये ख्रिस्तिना मास्लाक यांनी बावीस प्रश्नांची एक मापपट्टी प्रसिद्ध केली. माणसांची सेवा करणाऱ्या व्यवसायांतील भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, या तीन गोष्टी तीत मोजल्या जातात. १९९० मध्ये विल्यम कान यांनी उलट बाजूने विचार मांडला: माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी आखडून घेतो? त्यांच्या मते तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. कामाला अर्थ वाटला पाहिजे, मन मोकळे केल्याने नुकसान होणार नाही अशी खात्री पाहिजे, आणि अंगात त्राण शिल्लक पाहिजे. पुढे नेदरलँड्समधील शौफेली आणि बाकर यांनी उत्रेख्त येथे जोम, समर्पण आणि तल्लीनता या तीन अंगांची सतरा प्रश्नांची, आणि नंतर नऊ प्रश्नांची, मापपट्टी सिद्ध केली. आज जगभर हीच सर्वाधिक वापरली जाते. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने अध्यापकांसाठी स्वतंत्र पाहणी आखली, आणि लिंडा पोलोली यांच्या गटाने संस्थेतील आपलेपणा, नेतृत्वावरील विश्वास आणि स्त्री-अध्यापकांची स्थिती यांवर भर देणारी दुसरी.

या सर्व साहित्यात एक निष्कर्ष विशेष विचारप्रवर्तक वाटतो. टेट शानाफेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेयो क्लिनिकच्या अंतर्गत वैद्यक विभागातील अध्यापकांची पाहणी केली. ज्या कामात अध्यापकास सर्वाधिक सार्थकता वाटते, मग ते अध्यापन असो, रुग्णसेवा असो वा संशोधन, त्या कामासाठी आठवड्यातील एक दिवससुद्धा न मिळणाऱ्यांपैकी ५३.८ टक्के थकव्याने ग्रासलेले आढळले; ज्यांना तेवढा वेळ मिळत होता त्यांच्यात हे प्रमाण २९.९ टक्के होते. म्हणजे आस्थेचा संबंध एकूण कामाच्या ओझ्याइतकाच, अथवा त्याहून अधिक, त्या ओझ्यातील स्वतःच्या निवडीच्या वाट्याशी आहे. मात्र ही पाहणी एका संपन्न अमेरिकन संस्थेतील एका विभागाची आहे. रिक्त पदांनी ग्रासलेल्या शासकीय विभागात एक दिवस मोकळा ठेवणे म्हणजे सहकाऱ्यावर एक दिवस लादणे होय, ही गोष्ट तिच्या हिशेबात नाही.

भारतात अध्यापकांच्या मनाची विचारपूस अजून बाल्यावस्थेत आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा अहवाल दिला तेव्हा सुमारे सात हजार अध्यापकांनाही प्रश्न विचारले होते. परंतु त्या अहवालाचा रोख विद्यार्थ्यांवर होता आणि अध्यापक त्यात मुख्यत्वे विद्यार्थ्यांचा साक्षीदार म्हणून येतो. उत्रेख्तची पट्टी निरनिराळ्या शहरांतील संशोधकांनी वापरली आहे खरी, पण परक्या भूमीवर घडलेली ही साधने आपल्या श्रेणिबद्ध खात्यांत किती खरे बोलतात याविषयी साशंक राहणेच बरे. विभागप्रमुख गोपनीय अहवाल लिहितो, आणि त्याच विभागप्रमुखाच्या मार्फत ‘तुम्हांस येथे मोकळेपणी बोलता येते काय’ अशी प्रश्नावली येते, तेव्हा उत्तर काय येईल हे सांगावयास मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

सुधारणेचे मार्ग

मोजण्याकडून सुधारण्याकडे वळले असता तीन विचारधारा दिसतात.

पहिली प्रशिक्षणाची. पुदुच्चेरीच्या जिपमेर येथे १९७० च्या दशकात वैद्यकीय अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. पुढे वैद्यक परिषदेने प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण कक्ष असावा असे ठरविले, २००९ पासून प्रादेशिक केंद्रांमार्फत मूलभूत कार्यशाळा घेण्यास आरंभ केला, आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या अध्यापकांस सावंगी (मेघे) येथील केंद्र सोयीचे झाले. मुंबईत परळच्या सेठ जी. एस. महाविद्यालयात २००५ मध्ये ‘फाइमर’ या अमेरिकन प्रतिष्ठानाची दोन वर्षांची अभिछात्रवृत्ती सुरू झाली, तीत प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयात एक सुधारणा प्रत्यक्ष राबवून दाखवावी अशी अट असल्यामुळे तिचे माजी छात्र आज अनेक महाविद्यालयांत शिक्षण कक्षांची धुरा वाहताना दिसतात. २०२२ च्या नियमांनी मूलभूत अभ्यासक्रम बढतीसाठी आवश्यक केला. आवश्यक होताच त्याकडे येणाऱ्यांच्या हेतूत फरक पडला, हे प्रशिक्षकच सांगतात. इव्हॉन स्टाइनर्ट यांच्या गटाने २००६ मध्ये जगभरच्या ५३ अभ्यासांचे परिशीलन करून काढलेला निष्कर्ष या वादात दोन्ही पक्ष उद्धृत करू शकतात: अशा कार्यक्रमांनी सहभागी अध्यापक समाधानी होतात, त्यांच्या ज्ञानात आणि वर्तनात फरक पडतो, परंतु विद्यार्थ्यांत अथवा संस्थेत फरक पडला की नाही, याचा अभ्यास फार थोड्यांनी केला आहे.

दुसरी विचारधारा सेवाशर्तींची, आणि महाराष्ट्र राज्य वैद्यकीय शिक्षक संघटनेने ती सातत्याने मांडली आहे. सहायक प्राध्यापकांच्या जागा लोकसेवा आयोगामार्फत वेळेवर न भरल्यामुळे वर्षानुवर्षे १२० दिवसांच्या तात्पुरत्या नेमणुका चालत आल्या. मुदत संपते, मध्ये खंड पडतो, पुन्हा आदेश निघतो, पुन्हा रुजू व्हावे लागते. ज्याला चार महिन्यांनी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने विभागात दीर्घ पल्ल्याचे काम हाती घ्यावे कसे, असा या पक्षाचा सवाल आहे. त्यात निवासाचा प्रश्न मिसळतो. मुलांच्या शाळा, पत्नीची वा पतीची नोकरी नागपूरला, आणि यवतमाळ तेथून सुमारे दीडशे किलोमीटर. अमरावती काहीशी जवळ. जिल्हास्थानच्या महाविद्यालयांत अपडाऊन करणारा अध्यापक हा शासकीय व्यवस्थेचा स्थायी भाग झाला आहे, आणि दोन-तीन तास प्रवास करून येणाऱ्याने संध्याकाळच्या फेरीला थांबावे ही अपेक्षा नियमाने पुरी होत नाही. २०२४ मध्ये राज्यात अमरावती, वाशीम, हिंगोली, गडचिरोली, बुलढाणा यांसह दहा नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. जिल्ह्यांच्या दृष्टीने ही मोठीच जमेची बाजू आहे. पण नव्या महाविद्यालयांस अनुभवी माणसे पुरविण्याचा भार स्वाभाविकपणे शेजारच्या जुन्या महाविद्यालयांवर येतो. ज्याच्या डोक्यावर तैनातीचा आदेश सदैव टांगलेला, त्याच्या आस्थेची मोजणी करणे हीच थट्टा, असे या पक्षातील काही लोक म्हणतात. हे म्हणणे जरा तीव्र असले तरी निराधार नाही.

तिसरी विचारधारा संस्थेच्या वातावरणाची. कॉलिन वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेयो क्लिनिकमधील प्रयोगात ७४ वैद्यांपैकी निम्म्यांस, पंधरवड्यातून एक तास कामाच्याच वेळात मोकळा देऊन, लहान गटांत आपल्या कामाच्या अर्थाविषयी बोलावयास बसविले. नऊ महिन्यांत त्यांच्या आस्थेत वाढ आणि कोरडेपणात घट दिसून आली. सेवाग्रामचे आवार हे याच विचाराचे एक देशी आणि कितीतरी अधिक कडक रूप होय. तिकडच्या पद्धतीचे चाहते ती सर्वत्र लागू करावी म्हणतात. टीकाकार विचारतात की, स्वेच्छेने स्वीकारलेली शिस्त आदेशाने लादली तर ती तीच राहते काय, आणि व्रतस्थ अध्यापकांवर विसंबून सातशेहून अधिक महाविद्यालये चालविता येतील काय. शासकीय महाविद्यालयातही क्वचित एखादा विभाग असा आढळतो की जेथे प्रमुख स्वतः रोज फेरी घेतो, शनिवारी मृत्यूंची चर्चा न चुकता होते, आणि तात्पुरत्या नेमणुकीवरचा तरुणही बदली टाळण्यासाठी खटपट करतो. त्याच इमारतीतील वरच्या मजल्यावरचा विभाग ओस असतो. एकाच महाविद्यालयात, त्याच पगारात आणि त्याच नियमांखाली हा फरक पडतो, ही गोष्ट तिन्ही विचारधारांस अडचणीची आहे.

जे अनिर्णित आहे

पहिला अनिर्णित मुद्दा घटकाचा. मोजावयाचे कोणास: अध्यापकास, विभागास की महाविद्यालयास? नियामकाची सर्व यंत्रणा व्यक्तीची हजेरी मोजून महाविद्यालयाला शेरा देते. मधला विभाग, जेथे आस्था प्रत्यक्षात वाढते किंवा मरते, या यंत्रणेच्या दृष्टीस पडत नाही. पाश्चात्त्य पाहण्या विभागवार निष्कर्ष देतात, पण पाच-सहा माणसांच्या विभागात निनावी उत्तर निनावी राहत नाही.

दुसरा मुद्दा रुग्णसेवेचा. मोठ्या शहरांतील संस्थांवरून घेतलेली मापे अध्यापन आणि उपचार यांचे हिशेब वेगळे ठेवतात. यवतमाळसारख्या ठिकाणी, जेथे प्रसूतिगृह आणि अपघात विभाग तुडुंब भरलेले असतात, तेथे चांगला अध्यापक अनेकदा उपचारातच शिकवितो आणि त्याचे व्याख्यान बुडते. त्यास अनास्थ म्हणावे की नाही, याचे उत्तर कोणत्याही मापपट्टीत नाही. उलट, खाटेपाशी शिकविण्याचा दाखला देऊन व्याख्यान बुडविणाऱ्यास आपोआप सूट मिळू नये, हीही चिंता रास्त आहे.

तिसरा मुद्दा २०२५ च्या नव्या पात्रता-नियमांनी उभा केला आहे. २२० हून अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयांस अध्यापन-संस्था म्हणून मान्यता मिळण्याची आणि तेथील दहा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञास सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट या नियमांनी मोकळी केली. काहींस यात भोर समितीच्या पूर्णवेळ अध्यापकाच्या कल्पनेचा त्याग दिसतो, तर काहींस, रुग्णांत मुरलेल्या माणसाला विद्यार्थ्यांसमोर उभे करण्याची जुनी मानद परंपराच सरकारी रूपात परत आलेली दिसते. हे तज्ज्ञ आजवर रुग्णांची संख्या, शस्त्रक्रिया आणि योजनांची उद्दिष्टे यांवर मोजले गेले आहेत. अध्यापक म्हणून त्यांस कशावर मोजावयाचे आणि ते कोणी मोजावयाचे, महाविद्यालयाच्या अधिष्ठात्याने की आरोग्य खात्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकाने, हे वैद्यकीय शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांमधील जुन्या सीमावादाशी जोडलेले आहे.

आणि शेवटचा मुद्दा निकालाच्या मालकीचा. आज हजेरीचे आकडे दिल्लीस जातात, अभिप्रायांच्या फायली अधिष्ठात्यांच्या कार्यालयात राहतात, प्रश्नावल्यांचे निष्कर्ष संशोधकाच्या निबंधात जातात. ज्याच्याविषयी हे सारे गोळा केले जाते त्या अध्यापकाच्या विभागाकडे यांतले काहीच परत येत नाही. ते परत आले, आणि विभागातील माणसांनी त्यावर महिन्यातून एकदा, वरिष्ठांच्या शेऱ्याचे भय न बाळगता चर्चा केली, तर काही फरक पडतो काय, हा प्रयोग फारसा खर्चिक नाही. पण तो करावयाचा तर मोजणीचा अधिकार काही अंशी सोडून द्यावा लागेल, आणि त्यास नियामक, विद्यापीठ अथवा वैद्यकीय शिक्षण संचालनालय यांपैकी कोण तयार होईल हे सध्या सांगता येत नाही.